जुन्या पिकअपचे इंजिन कोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्केट यार्डात माल आणणारे, चाकण-भोसरीच्या कारखान्यांना सुटे भाग पोचवणारे आणि सासवड-नारायणगावकडून पहाटे निघणारे पिकअपमालक आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सर्व माहिती २०२० पूर्वीच्या, म्हणजे बीएस-६ (भारत स्टेज-६ प्रदूषण नियम) च्या आधीच्या डिझेल पिकअपविषयी आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा लिहिलेली नाही. तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॅशबोर्डवर इंजिनाचे पिवळे चित्र लागले आहे. गाडी चालवू की जागेवर उभी करू?

चावी फिरवल्यावर हा दिवा लागणे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझणे हे योग्यच आहे. इंजिन चालू असताना तो लागून राहिला, तर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, एखाद्या सेन्सरच्या किंवा वायरिंगच्या मापात न पटणारे काही दिसले आहे आणि त्याने त्या दोषाचा कोड नोंदला आहे, असा त्याचा अर्थ होतो. गाडी नेहमीसारखी ओढत असेल, आवाज बदललेला नसेल आणि धूर वाढलेला नसेल, तर मुक्कामापर्यंत जाऊन मग कोड वाचण्यास हरकत नाही. मात्र ऑइल प्रेशरचा लाल दिवा किंवा तापमानाचा काटा यांपैकी काहीही सोबत आले, तर ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा मुळीच लागत नसेल, तर दिव्याची वायर काढली आहे का किंवा बल्ब गेला आहे का, हे आधी पाहावे. सेकंडहॅंड गाडी घेताना ही तपासणी आम्ही सर्वात आधी करतो.

२. माझी गाडी २०११ ची आहे. तिच्यातून कोड निघतात का, आणि स्कॅनर कुठे लावायचा?

याचे उत्तर गाडीच्या वर्षाइतकेच तिची पहिली नोंदणी कुठे झाली यावर अवलंबून आहे. बीएस-४ नियम १ एप्रिल २०१० पासून देशातील १३ शहरांत लागू झाले आणि त्यांत पुणे व सोलापूर ही दोन्ही होती. पुढे टप्प्याटप्प्याने वाढत ते १ एप्रिल २०१७ पासून संपूर्ण देशात आले. त्यामुळे एकाच मॉडेलची, एकाच वर्षाची पुण्यात पासिंग झालेली गाडी बीएस-४ आणि सांगलीकडे पासिंग झालेली गाडी बीएस-३ असू शकते, आणि दोघींचे वायरिंग वेगळे असू शकते. आरसी बुकवरची नोंद वाचून मगच सर्किट डायग्राम किंवा सुटा भाग मागावा.

बीएस-४ गाड्यांमध्ये स्वयंनिदानाचा पहिला टप्पा २०१० पासून आणि दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून आला. पहिल्या टप्प्यात मुख्यतः वायर तुटली किंवा शॉर्ट झाली एवढेच कळते. दुसऱ्या टप्प्यात एखादी यंत्रणा जोडलेली असूनही नीट काम करत नाही, हेही पकडले जाते. सोळा पिनांचा सॉकेट सहसा स्टेअरिंगखालच्या भागात असतो. मेकॅनिकल पंप असलेल्या जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ २००५ साली आलेल्या पहिल्या छोट्या हत्तीत (टाटा एस), इंजिनावर कॉम्प्युटरचा ताबाच नाही. तेथे कोड शोधण्यात वेळ घालवू नये.

३. पी ०३३५ यासारख्या कोडमधले अक्षर आणि आकडे काय सांगतात?

पहिले अक्षर विभाग सांगते : पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे चासी, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे कॉम्प्युटरांमधला आपसातला संपर्क. त्यापुढचा आकडा ० असेल तर कोडचा अर्थ सर्व कंपन्यांसाठी सारखा असतो आणि १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा असतो, म्हणून पी १ ने सुरू होणारा कोड दुसऱ्या कंपनीच्या यादीत पाहू नये. तिसऱ्या जागी १ किंवा २ असेल तर विषय हवा आणि इंधनाचा, ४ असेल तर धुरावरच्या नियंत्रणाचा, ५ असेल तर वेग व आयडलिंगचा (उभ्या गाडीत इंजिन मंद चालण्याचा) आणि ६ असेल तर ईसीएम व त्याच्या पुरवठ्याचा असतो. ३ हा आकडा मुळात इग्निशनचा. डिझेलमध्ये क्रॅंक, कॅम आणि हीटर प्लगचे कोड त्याखाली येतात.

४. कोडने सांगितलेला सेन्सर नवा टाकला, तरी दिवा परत आला. नवा सेन्सरही खराब निघाला का?

बहुतेक वेळा नाही. आमच्याकडे येणारा सर्वात जास्त खर्च या एका गैरसमजातून झालेला असतो, म्हणून येथे सविस्तर लिहितो. कोड पार्टचे नाव सांगत नाही, तो सर्किटचे नाव सांगतो. पी ०३३५ चा खरा अर्थ “क्रॅंकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष” असा आहे, आणि त्या सर्किटमध्ये सेन्सर, कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिना, ईसीएमपर्यंतच्या वायरी, फ्लायव्हीलवरचे दात आणि सेन्सर व दात यांच्यातले अंतर, एवढे सगळे येते.

नारायणगावहून टोमॅटो आणणारी एक पिकअप आमच्याकडे आली, तेव्हा तिच्यात एका गॅरेजने क्रॅंक सेन्सर दोनदा आणि कॅम सेन्सर एकदा बदललेला होता. गाडी रिकामी असताना धावत असे आणि भरलेली असताना स्पीडब्रेकरवर एकदम बंद पडत असे. आम्ही ईसीएमचा कपलर काढून त्या बाजूने सेन्सरच्या दोन वायरींना मल्टिमीटर लावला, तर ८६० ओहम दिसले, म्हणजे सेन्सर आणि वायर दोन्ही त्या क्षणी ठीक. मग एकाने मीटरकडे बघत राहायचे आणि दुसऱ्याने वायरिंग थोडे थोडे हलवत पुढे जायचे, असे ठरवले. सेल्फच्या ब्रॅकेटजवळ हात पोचताच आकडा गेला आणि मीटरवर ओपन सर्किट दिसले. टेप उकलली, तेव्हा आतले तांबे हिरवे पडलेले होते आणि फक्त दोन तारा शाबूत होत्या; ब्रॅकेटच्या कडेवर घासून इन्सुलेशन कापले गेले होते. तुकडा बदलला, सोल्डर केला, स्लीव्ह चढवली आणि वायरिंग ब्रॅकेटपासून दोन बोटे दूर बांधले. पार्ट एकही लागला नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी कोड वहीत लिहून घ्यावा, सोबत स्कॅनर देत असेल तर कोड पडला त्या क्षणीचे आरपीएम, तापमान आणि वेग लिहावे, मग कपलर उघडून पिना बघाव्यात, मग वायर मोजावी आणि सर्वात शेवटी सेन्सर. दोन पिनांच्या चुंबकीय सेन्सरचा रोध असा मोजता येतो. तीन पिनांच्या हॉल सेन्सरला मात्र ओहमवर मीटर लावू नये, त्याचा पुरवठा आणि सिग्नल व्होल्टवर तपासावा.

५. स्कॅनरवर एकदम सहा-सात कोड आले. इतके सेन्सर एका वेळी कसे गेले?

ते गेलेले नसतात. एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकत्र आले, तर त्या सर्वांमध्ये समान काय आहे ते शोधावे. समान गोष्टी तीनच असतात : बॅटरीचा पुरवठा, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी) आणि ईसीएम सेन्सरांना देतो तो ५ व्होल्टचा पुरवठा. यादीत पी ०६४१ किंवा पी ०६५१ असेल, तर तेथूनच सुरुवात करावी, कारण हे दोन्ही कोड त्या ५ व्होल्टविषयीच आहेत. एखाद्या प्रेशर सेन्सरमध्ये पाणी शिरून तो आतून शॉर्ट झाला, की त्याच्यासोबत त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सरही चुकीचे माप देऊ लागतात. चावी ऑन ठेवून त्या लाइनवर ५ व्होल्ट मिळतात का पाहावे. मिळत नसतील तर त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढावेत. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतील, तो दोषी. एकही सेन्सर काढून फरक पडला नाही, तर वायरिंगकडे वळावे.

६. बॅटरी आणि अर्थ नीट आहे हे घरच्या मीटरने कसे ठरवायचे?

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवे, इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.४, आणि सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली फारसा जाऊ नये. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी आणि पी ०५६३ म्हणजे जास्त. दुसऱ्या बाबतीत अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासावा.

अर्थची तपासणी ओहमवर करू नये, कारण एक तार शिल्लक असलेली पट्टीसुद्धा ओहमवर चांगली दिसते. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरावे आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थची पट्टी काढून दोन्ही टोके घासून पुन्हा बसवावीत. बॉडीकाम किंवा रंगकाम झालेल्या गाडीत अर्थच्या बोल्टखाली रंग राहून गेलेला आम्हाला अनेकदा सापडला आहे.

७. खंबाटकी चढताना गाडी अचानक उचलत नाही, २,००० आरपीएमच्या पुढे जात नाही, आणि चावी बंद करून चालू केली की पुन्हा ठीक होते. हे काय आहे?

इंजिनाला धोका होऊ नये म्हणून ईसीएमने ताकद मुद्दाम कमी केली आहे. यालाच गॅरेजमध्ये लिंप मोड म्हणतात. घाटात भार पूर्ण असतो, म्हणून सपाट रस्त्यावर लपलेला दोष तेथे उघडा पडतो. या तक्रारीसोबत दोन कोड सर्वात जास्त येतात आणि त्यांचे रस्ते वेगळे आहेत.

पी ००८७ म्हणजे कॉमन रेलमध्ये (सर्व इंजेक्टरांना दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत) डिझेलचा दाब मागणीपेक्षा कमी पडला. महागडा हाय प्रेशर पंप संशयित म्हणून लगेच पुढे केला जातो, पण सुरुवात टाकीच्या बाजूने करावी : डिझेल फिल्टर कधी बदलला, फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडल्यावर पाणी येते का, टाकीतली जाळी चोंदली आहे का, आणि पाइपात हवा शिरते का. हवा बघण्यासाठी फिल्टरनंतर पारदर्शक पाइपाचा हातभर तुकडा लावावा. सुरू इंजिनात बुडबुड्यांची माळ दिसली, तर कुठली तरी क्लिप किंवा फिल्टरची सील हवा ओढते आहे. हे सर्व ठीक असेल, तर चारही इंजेक्टरांचे रिटर्न पाइप चार सारख्या बाटल्यांत सोडून आयडलवर काही मिनिटे इंजिन चालवावे. एक बाटली इतरांपेक्षा बरीच जास्त भरली, तर त्या इंजेक्टरमधून दाब निसटतो आहे. चारही इंजेक्टर सारखे निघाले, की मग पंप आणि प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्हकडे यावे.

पी ०२९९ म्हणजे टर्बोने अपेक्षेइतकी हवा दिली नाही. इंटरकूलरचे रबरी पाइप आतल्या बाजूने चिरतात आणि थंड असताना चीर मिटलेली दिसते. पाइपाच्या जोडावर तेलाचा ताजा ओघळ असेल, तर तेथेच बघावे. त्यानंतर व्हॅक्यूमचे बारीक पाइप आणि उघडा अडकलेला ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बघावा. येथे पुणेकरांना उपयोगी पडेल अशी एक तपासणी आहे. चावी ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत हवेच्या दाबाचा सेन्सर बाहेरचा वातावरणीय दाबच दाखवायला हवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून येथे ९४ ते ९५ किलोपास्कल योग्य. मुंबईत तोच सेन्सर १०० च्या वर दाखवेल. पुण्यात उभ्या गाडीत ८० किंवा ११० दिसत असतील, तर टर्बोला हात लावण्याआधी सेन्सर आणि त्याची वायर तपासावी.

८. कोणता सिलिंडर मिसिंग करतो हे बघायला आमचे मिस्त्री चालू इंजिनात इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करतात. कॉमन रेल गाडीत हे चालते का?

मुळीच नाही. मेकॅनिकल पंपाच्या काळात ही पद्धत रुळली, पण कॉमन रेलमध्ये दाब १,००० बारच्याही वर जातो आणि सुईसारखी डिझेलची धार कातडी भेदून आत जाऊ शकते. अशी जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि तरीही काही तासांत हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास “डिझेल दाबाने आत गेले आहे” असे स्पष्ट सांगून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. मिसिंग शोधण्यासाठी स्कॅनरवरून इंजेक्टर एकेक करून बंद करण्याची सोय बहुतेक गॅरेज स्कॅनरमध्ये असते. पी ०२०१ ते पी ०२०४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या इंजेक्टरच्या सर्किटचे आहेत. चालू इंजिनात इंजेक्टरचा विजेचा कपलरही काढू नये, कारण तेथे १२ पेक्षा खूप जास्त व्होल्ट असतात.

९. दिवा फक्त पावसाळ्यात लागतो. उन्हाळा आला की आपोआप जातो.

कपलरमध्ये पाणी जाते आहे. सर्व कपलर उघडत बसण्यापेक्षा, कोड ज्या सर्किटचा आहे त्याचा आणि बॉनेटखाली सर्वात खाली असलेल्यांचा क्रम आधी लावावा. रबरी सील जागेवर आहे का आणि पिनांवर हिरवी किंवा पांढरी भुकटी आहे का, हे पाहावे. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवावे. पिना पॉलिश पेपरने घासू नयेत, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात त्रास दुपटीने येतो. गाडी धान्याच्या किंवा भाजीच्या गोदामापाशी उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेली वायरही पाहावी. उन्हाळ्यात कोरडी राहिलेली ती जागा पहिल्या सरीत बोलू लागते.

१०. ब्लूटूथवर चालणारा स्वस्त ईएलएम ३२७ अडॅप्टर घेतला तर काम भागेल का?

सामान्य कोड वाचणे, पुसणे आणि तापमान, आरपीएम, दाब यांचे चालू आकडे बघणे एवढ्यासाठी तो पुरेसा आहे. बाजारातले बरेचसे अडॅप्टर नकली चिपचे असतात. गाडीतले कॉम्प्युटर ज्यावर बोलतात त्या नव्या पद्धतीच्या दोन वायरींच्या कॅन लाइनवर ते चालतात, पण जुन्या पिकअपमध्ये ७ नंबरच्या पिनवर असणाऱ्या जुन्या पद्धतीच्या के-लाइनशी अनेकांचे जुळत नाही. अडॅप्टर जोडला गेला नाही, म्हणजे गाडी खराब आहे असे समजू नये. कंपनीचे स्वतःचे कोड, इंजेक्टर बंद करण्याची चाचणी आणि इंजेक्टर कोडिंग यांसाठी गॅरेजचा स्कॅनर लागतोच.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना या अडॅप्टरवर एक सोपी तपासणी करता येते : पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान तेव्हा जवळजवळ सारखे दिसायला हवे. एखादे उणे ४० दाखवत असेल, तर त्या सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कपलर निघालेला आहे.

११. बॅटरीची केबल काढून ठेवली की कोड जातो. मग दुरुस्तीची गरज काय?

कोड जातो तो फक्त स्मरणातून, आणि काही गाड्यांत तोही जात नाही. सोबत कोड पडतानाची नोंद पुसली जाते आणि तीच मेकॅनिकला सर्वात जास्त हवी असते, म्हणून गॅरेजला जाण्याच्या आदल्या रात्री केबल काढू नये. दोष खरोखर दूर झाला असेल, तर सहसा सलग तीन फेऱ्यांत तो पुन्हा न दिसल्यावर दिवा स्वतःच विझतो. कोड मात्र नोंदीत साधारण ४० वेळा इंजिन गरम होऊन थंड होईपर्यंत राहू शकतो. त्यामुळे दिवा नसताना निघालेला जुना कोड पाहून घाबरू नये.

१२. चेक लाइट चालू असताना पीयूसी मिळते का?

पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा धूर मोजतात, या वयाच्या गाड्यांचे कोड वाचत नाहीत. बीएस-४ डिझेलसाठी मर्यादा ५० हार्ट्रिज (धुराची दाटी मोजण्याचे एकक) आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी ६५ हार्ट्रिज आहे. पी ०४०१ ते पी ०४०४ हे ईजीआरचे कोड असतील किंवा प्रश्न ७ मधला हवेचा पाइप चिरलेला असेल, तर काळा धूर वाढून गाडी नापास होण्याचा संभव आहे. ईजीआर पत्रा लावून बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो बेकायदा आहे, आणि त्यामुळे बाहेर पडणारे नायट्रोजन ऑक्साइड धुरासारखे डोळ्यांना दिसत नसले, तरी ते याच शहरातली माणसे श्वासावाटे घेतात.

१३. इंजिन गरम झाले की गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते, आणि स्कॅनरवर कोडच नाही.

क्रॅंक सेन्सरची आतली तार गरम झाल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, असे होते. सिग्नल पूर्ण गेला की ईसीएमला इंजिन फक्त “थांबलेले” दिसते, म्हणून काही गाड्यांत कोड नोंदलाच जात नाही. बंद पडलेल्या अवस्थेतच सेल्फ मारून स्कॅनरवर आरपीएम पाहावेत. इंजिन फिरत असून आकडा शून्य असेल, तर प्रश्न ४ मधला रस्ता धरावा. आरपीएम दिसत असतील, तर रेलचा दाब पाहावा आणि प्रश्न ७ कडे जावे. थंड झाल्यावर केलेल्या मोजमापातून येथे काहीच सिद्ध होत नाही. गाडी रस्त्यातच मोजावी लागते.

१४. स्कॅनर गाडीशी बोलतच नाही. आता काय?

प्रथम सॉकेटमध्ये वीज आहे का ते पाहावे : १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे व्होल्ट आणि ४ व ५ वर अर्थ. १६ वर काही नसेल, तर बहुधा हॉर्न किंवा चार्जिंग सॉकेटसोबतचा सामायिक फ्यूज गेलेला सापडतो. वीज असेल आणि गाडी कॅनवर चालणारी असेल, तर बॅटरी काढून ६ आणि १४ या पिनांमध्ये रोध मोजावा. ६० ओहम योग्य. १२० म्हणजे लाइन कुठे तरी तुटली आहे किंवा एका टोकाचा रोधक सुटला आहे. शून्याजवळ म्हणजे दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. पिना आपापसात वायरने जोडून दिवा लुकलुकवण्याची जुनी युक्ती त्या गाडीच्या पुस्तकात लिहिली असेल तरच करावी, कारण चुकून १६ नंबरची पिन जोडली गेली तर ईसीएमच जळू शकतो.

१५. गॅरेजने ईसीएम गेला म्हणून सांगितले. जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा आणून बसवू का?

ईसीएम क्वचितच जातो आणि पी ०६०६ आला तरी प्रश्न ६ मधली मोजणी आधी करावी, कारण कमी व्होल्टेजवर चांगला ईसीएमही असाच कोड देतो. ईसीएमच्या कपलरवर सर्व पॉझिटिव्ह आणि सर्व अर्थ पिनांवर भार लावून, म्हणजे हेडलाइटचा बल्ब जोडून पाहावे. बल्ब मंद पेटला, तर दोष वायरीत, रिलेत किंवा फ्यूजच्या खोबणीत आहे. नाना पेठेत किंवा अन्यत्र जुना ईसीएम मिळाला तरी त्यावरचा पार्ट नंबर अक्षरशः सारखा हवा, तो बीएस-३ चा की बीएस-४ चा हे जुळायला हवे, इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत चावी पुन्हा ओळखवून द्यावी लागते, आणि जेथे इंजेक्टरवर कोड छापलेले असतात तेथे ते चारही कोड नव्या ईसीएममध्ये भरावे लागतात. विक्रेत्याकडून परत घेण्याची कबुली बिलावर लिहून घ्यावी आणि मूळ ईसीएम, गाडी किमान एक घाट भरलेल्या मालासह चढून येईपर्यंत, कोणालाही देऊ नये.